शाडू की प्लास्टर? मुलांना तपासू द्या

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिकवा असे सांगितले, आणि कालांतराने शाळाशाळांतून प्रकल्पवह्या आल्या. बहुतेक वह्यांत तेच ते ओझोनचे भोक आणि ध्रुवावरची अस्वले. आमच्या पेणच्या मुलाने अस्वल कशाला चिकटवावे? त्याच्या आळीत गणपतीचे कारखाने आहेत.

"शाडू चांगला, प्लास्टर वाईट" हे पाठ करून घेणे सोपे. पण शाडू येतो कुठून? गुजरातेतून, ट्रकने. प्लास्टर म्हणजे भाजलेला जिप्सम, म्हणजे भट्टी आली, इंधन आले. शाडूची मूर्ती जड, वाळायला वेळ घेणारी, वाटेत भंगणारी. प्लास्टरची हलकी, म्हणून दूरवर जाते. कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटते. पाण्यात मात्र शाडू लवकर सुटतो, प्लास्टर पडून राहते. आणि रंग? तो दोघींवरही असतो, त्याचे कोणी बोलतच नाही! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टर विरघळवून दाखवले. शाळेच्या अंगणात, सरांच्या देखरेखीखाली, एक बादली पुरे.

रोह्याच्या मुलांना तर कुंडलिका आहे, धाटावची एमआयडीसी आहे. घरातल्या कोणकोणत्या वस्तूंना अशी रसायने लागतात, ही यादी त्यांनी करावी.

माझे मत शाडूकडेच झुकते. पण २०२५ च्या जूनमध्ये उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती बनवण्यावरची बंदी उठवली, तेव्हा ज्याच्या बापाचा जीव भांड्यात पडला, तो मुलगाही ह्याच वर्गात बसतो. त्याने आकडे मांडून प्लास्टरची बाजू घेतली, तर मी त्याला पूर्ण गुण देईन.