सुईची भीती, ट्यूबची नाही?

आईबाबांनो, लेकराच्या चेहऱ्यावरच्या एक्झिमासाठी भारतातून बॅगा भरून स्टिरॉइडच्या ट्यूबा आणणं थांबवा. डॉक्टरांनी मोजून दिलेलं मलम ठीक. मनाने महिनोन्‌महिने चोपडलेलं गालांची त्वचा पातळ करतं. ते चालतं, आणि त्वचातज्ज्ञांनी डुपिल्युमॅब सुचवलं की "अगं बाई, इंजेक्शन?"

हे स्टिरॉइड नाही. दाह पेटवणारे आयएल-४ आणि आयएल-१३ यांचे संदेश ते अडवतं. तीव्र एक्झिमासाठी युरोपात २०२३ पासून सहा महिन्यांच्या बाळांपुढे मंजूर आहे. डोळे लाल होऊ शकतात, लसींचंही आधी विचारा.

खर्च? मी सीए, गार्चिंगमध्ये राहते. जर्मनीच्या सरकारी क्रांकनकासेत १८ वर्षांखाली औषधाची झुत्सालुंग शून्य. रात्रभर खाजवणाऱ्या पोराची झोप मात्र कुठल्या खात्यात मांडणार? अपॉइंटमेंट घ्या.