‘फक्त’ अठ्ठावीस हजार!

परवा मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका मोबाइल घेऊन माझ्याजवळ आली. स्क्रीनवर पांढऱ्या गाडीचा फोटो. “मॅडम, घेऊ ना? सात वर्षांची आहे, पण फक्त बेचाळीस हजार चाललीय!” त्या ‘फक्त’वर तिने असा काही जोर दिला की मला माझीच आठवण झाली. २०१६ साली मीही हा शब्द अगदी असाच उच्चारला होता. आणि तो मला चांगलाच महागात पडला होता.

जुनी गाडी म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. “रनिंग किती?” गाडी कुणाची, कुठे फिरली, वेळच्या वेळी ऑइल बदललं का, हे सगळं नंतर. कधीकधी विचारलंच जात नाही. (मायलेज हा शब्द मी मुद्दामच टाळतेय. आपल्याकडे मायलेज म्हणजे लिटरला किती देते ते. मी बोलतेय ते मीटरवरच्या किलोमीटरबद्दल.) मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी फक्त उंची विचारून उठावं, तसा हा प्रकार आहे.

तर माझी गोष्ट. माहेर चिपळूणचं, सासर कराडचं. मध्ये कुंभार्ली घाट. आईचं वय झालेलं, एसटीनं येणं-जाणं तिला झेपेना, म्हणून ठरवलं की आपण गाडी घ्यायची. आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. त्यामुळे चालवणार मी, पैसे माझ्या भिशीचे आणि पीएफवरच्या कर्जाचे, आणि एजंट बोलत होता मात्र ह्यांच्याशी! “साहेब, डॉक्टरांच्या मिसेसची गाडी आहे. सिंगल हँड, लेडी ड्रिव्हन. आठ वर्षांत फक्त अठ्ठावीस हजार.” एक गंमत लक्षात आली का? गाडी विकायची असली की ‘लेडी ड्रिव्हन’ हा केवढा मोठा गुण असतो. तीच गाडी रस्त्यावर जरा हळू वळली की मागून आवाज येतो, “बाई चालवतेय वाटतं!”

मी गणिताची शिक्षिका. पण त्या दिवशी साधा भागाकार केला नाही. आठ वर्षांत अठ्ठावीस हजार म्हणजे वर्षाला साडेतीन हजार, म्हणजे दिवसाला दहा किलोमीटरसुद्धा नाही. मग स्टिअरिंग इतकं गुळगुळीत कसं झालं? क्लचच्या पेडलचं रबर का झिजलंय? टायर तर जेमतेम चाळीसेक हजारांनंतर बदलायची वेळ येते, मग या गाडीला चारही टायर नवे कशाला? काही काही विचारलं नाही. आकड्यावर भुलले आणि एक लाख साठ हजार मोजले.

वर्षभर गाडी छान चालली. मग एकदा आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कराडला आणत होते. मागच्या सीटवर आई आणि सातवीतली लेक. घाट चढताना, पोफळी मागे टाकल्यावर, एका वळणावर इंजिन एकदम गप्प झालं. धक्का नाही, आवाज नाही. स्टिअरिंग दगडासारखं जड. ब्रेक दाबायला सगळा जोर लावावा लागला आणि गाडी मागे सरकायला लागली. मागे भरलेला ट्रक. हँडब्रेक ओढला, लेक खाली उतरली आणि तिने चाकामागे दगड लावला. त्या पोरीला हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे! अंधार पडायला आला होता. ट्रकवाल्या भल्या माणसानेच टोचन करून आम्हाला वरपर्यंत आणलं. आई वाटेत एक शब्द बोलली नाही. नुसती माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली होती.

मेकॅनिकने इंजिन उघडलं. टायमिंग बेल्ट तुटला होता, त्यामुळे व्हॉल्व्ह वाकले होते. बिल चाळीस हजारांच्या घरात. हा बेल्ट रबराचा असतो. (सगळ्याच गाड्यांना नसतो, काहींना त्या जागी साखळी असते.) कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना तो बदलावाच लागतो. माझ्या मीटरवर तर चौतीस हजार! म्हणजे मीटरच्या मते वेळ आलीच नव्हती. मेकॅनिकला मात्र इंजिन बघून शंका आली. त्याने मला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुनी नोंद विचारायला सांगितलं. नोंद निघाली. २०१४ साली, म्हणजे मी घेण्याच्या दोन वर्षं आधीच, गाडी शहात्तर हजार चाललेली होती! मीटर मागे फिरवलं होतं. एजंटाचा फोन अर्थातच लागेना.

सगळे म्हणाले, “बघ, जास्त पळालेली गाडी गळ्यात मारली.” मला मात्र तेव्हापासून वेगळंच वाटतं. गाडी लाखभर चालली होती म्हणून मी घाटात अडकले नाही. ती लाखभर चालल्याचं मला खोटं सांगितलं म्हणून अडकले. खरा आकडा कळला असता तर दोन-चार हजारांत बेल्ट बदलून घेतला असता आणि आई वेळेत दवाखान्यात पोचली असती.

म्हणून किलोमीटरला महत्त्व आहे का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आहे, आहे. पण कागदाचा आधार असलेल्या किलोमीटरला. ज्या आकड्यामागे बिलं नाहीत, तो आकडा नसलेलाच बरा. नसला तर निदान आपण सावध तरी राहतो. आणि डिजिटल मीटर आहे म्हणून फिरवता येत नाही, या भ्रमात तर मुळीच राहू नका. पूर्वी मीटर उघडून चाकं फिरवायचे, आता मशीन जोडून आकडा बदलतात. एवढाच काय तो फरक.

बरं, आकडा अगदी खरा आणि कमी असला तरी काय? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा माझ्या भावाच्या सोसायटीतल्या गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या. आदल्या वर्षी लॉकडाउन होतं, त्यामुळे त्यातल्या कितीतरी जेमतेम आठ-दहा हजार चाललेल्या. पुढे काही महिन्यांनी माझ्या मावसदिरांना कराडात एकाने एमएच-०८ पासिंगची गाडी दाखवली. अकरा हजार किलोमीटर, आतून अत्तराचा घमघमाट. मी गेले आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. टोकाशी चिखलाची वाळलेली रेघ! सीटखाली हात घातला तर रुळांना गंज. (रत्नागिरी पासिंगच्या सगळ्या गाड्या अशाच असतात असं मुळीच नाही, माहेरचे लोक रागावतील!) आकडा शंभर टक्के खरा होता, तरी उपयोग शून्य.

नुसती उभी असलेली गाडीही तशीच फसवी. रोज बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीचं इंजिन धड तापतच नाही, ऑइलमध्ये ओल साठते. महिनोन् महिने शेडमध्ये झाकून ठेवली तर बॅटरी उतरते, रबरं कडक होतात, आणि उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. सर्व्हिस बुकात बघा, ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ अशा धर्तीचं काहीतरी छापलेलं असतं. ‘किंवा’ कुणी वाचत नाही.

२०१८ मध्ये मी ती पहिली गाडी विकली. घेणाऱ्याला नोंदीचा कागद हातात देऊन, सगळं खरं सांगून विकली. पैसे कमी आले, येऊ देत. मग दुसरी घेतली, ती ब्याण्णव हजार चाललेली! दीर हसले. “वहिनी, ही तर घाण्याला जुंपलेली!” गाडी चारच वर्षांची होती. बँकेतल्या एका साहेबांची, रोज कराड-सातारा ये-जा. हायवेला सरळ चाललेल्या गाडीत क्लच-ब्रेक फार वापरले जात नाहीत. त्याउलट गल्लीबोळात दर दोन मिनिटांना थांबणारी गाडी तेवढ्याच किलोमीटरमध्ये दुप्पट दमते. पण मला भुलवलं ते त्यांच्या फायलीने. प्रत्येक बिल तारखेनुसार, प्रत्येकावर तेव्हाचं किलोमीटर. ऐंशी हजाराला बेल्ट बदलल्याचं बिलही त्यात. अशी फाइल ठेवणारा माणूस ऑइल बदलायचं विसरणार नाही, एवढं कळायला मेकॅनिक व्हावं लागत नाही. आणि त्या ‘ब्याण्णव’मुळेच किंमत पडली होती. आज तीच गाडी एक लाख साठ हजारांच्या पुढे गेलीय. मध्ये क्लचप्लेट आणि शॉकअपचा खर्च आला, तो येणारच होता, बाजूला काढून ठेवला होता. हो, आता विकायला काढली तर हाच आकडा मलाही आडवा येणार, हे मला ठाऊक आहे.

मैत्रिणींनो, गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून आपण मागे सरतो. पण जुनं शिवणयंत्र घेताना आपण चाक फिरवून बघतो, आवाज ऐकतो, कुणाच्या हातात होतं ते विचारतो. तेच इथे करायचं. टायरवर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१८ ची आणि टायर २०१८ चेच असतील तर किलोमीटर कमी असल्याची ती एक खूण, पण इतकं जुनं रबर बदलावंच लागणार, तो खर्च किमतीतून वजा करा. इंजिन गार असताना चालू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलेल्या गाडीचा मला संशयच येतो. आपला मेकॅनिक न्या, त्याचे पाचशे-हजार द्यायला कचरू नका. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, गाडी कितव्या मालकाची आहे, टॅक्सी पासिंगची खासगी केलीय का, हे बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही आपल्या नावावर करायला १४ दिवसांतच अर्ज द्यावा लागतो. आणि पैसे तुमचे असतील तर गाडी तुमच्याच नावावर घ्या. हे किलोमीटरमध्ये बसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रविवारी त्या शिक्षिकेबरोबर मी बेचाळीस हजारवाली गाडी बघायला गेले. एजंट तिच्या नवऱ्याला बॉनेट उघडून दाखवत होता, तेवढ्यात आम्ही दोघी ड्रायव्हरच्या बाजूने वाकलो. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून खालचा पत्रा दिसत होता. तिने विचारलं, “दादा, बेचाळीस हजारात एवढं?” तो म्हणाला, “अहो ताई, लेडीज चालवायच्या ना, सँडलनं झिजतं.” मी सर्व्हिसच्या बिलांची फाइल मागितली. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर टाकतो म्हणाला.

आज गुरुवार. बिलं आलेली नाहीत. सकाळी प्रार्थनेच्या वेळी ती हळूच म्हणाली, “मॅडम, दुसरी एक आहे. शहाऐंशी हजार चाललीय, पण बिलं आहेत. रविवारी येता?”