‘शेक’ नको, पण मग काय?

मेंदूतली गाठ काढली, जखम भरली, की डॉक्टर रेडिएशनचं नाव काढतात आणि घरात वाद पेटतो. ‘शेक दिला तर पोर वाचेल, पण डोक्यानं अधू होईल. ऑपरेशन झालंय, तेवढं बास!’ असं ठणकावणाऱ्या काकांना अडाणी म्हणून उडवून लावू नये. मेड्युलोब्लास्टोमा या मेंदूच्या मागच्या भागातल्या कर्करोगाच्या पेशी मेंदू आणि मणक्याभोवतीच्या द्रवातून पसरतात, म्हणून डोक्यासोबत अख्ख्या पाठीलाही किरण द्यावे लागतात. पूर्वी या किरणांची मात्रा ३६ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) असे. वाचलेल्या कित्येक मुलांचा बुद्ध्यांक घसरे, उंची खुंटे, थायरॉइड बिघडे.

काका चुकतात ते पुढे. मात्रा जास्त होती, एवढ्यावरून किरणच नकोत हे कसं ठरलं? ऑपरेशन कितीही सफाईचं असलं तरी डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे उरतात. तीन वर्षांखालच्या बाळांना केमो देऊन किरण लांबवतात किंवा टाळतातही. त्याहून मोठ्यांना मात्र किरणांवाचून भरवसा नाही. केमोची जोड मिळाल्यावर सर्वसाधारण जोखमीच्या मुलांत मात्रा २३.४ ग्रेवर आली, आणि तरीही त्यांतल्या पाचांपैकी चार मुलं पाच वर्षांनंतर हयात असतात.

मग आणखी उतरवा की! तेही करून झालं. अमेरिकेतल्या चाचणीत तीन ते सात वर्षांच्या काही मुलांना १८ ग्रेच दिले. पाच वर्षं निर्धोक काढणाऱ्यांचं प्रमाण २३.४ ग्रेच्या गटात सुमारे ८३ टक्के होतं, इथे ७१. त्याच चाचणीने हेही दाखवलं, की डोक्याला आणि पाठीला किरण देऊन झाल्यावर वरून द्यायचा जादा डोस मेंदूच्या मागच्या सबंध भागाऐवजी गाठीच्या जागेपुरता दिला तरी भागतं. हात आखडायचा तो इथे.

नेम धरण्याचं मोल आपल्याच परळला सिद्ध झालं आहे. टाटा हॉस्पिटलने मंद वाढणाऱ्या गाठींच्या, ३ ते २५ वयाच्या २०० रुग्णांचे दोन गट केले. मात्रा दोघांना सारखीच, ५४ ग्रे. एका गटात किरण गाठीच्या आकाराबरहुकूम बेतलेले, दुसऱ्यात नेहमीचे. जगण्यात फरक पडला नाही. पण हार्मोनचे नवे बिघाड ५१ टक्क्यांऐवजी ३१ टक्क्यांत, आणि बुद्ध्यांकही जास्त चांगला टिकला. हा निष्कर्ष २०१७ चा, टाटाच्याच खारघर केंद्रात आणखी नेमके पण महागडे किरण देणारं प्रोटॉन यंत्र सुरू होण्याआधीचा. तेव्हा ‘प्रोटॉन परवडत नाही, मग राहू द्या’ हेही पटण्याजोगं नाही. (मेंदूच्या देठातल्या पसरट गाठीत किरणांनी बहुधा काही महिनेच मिळतात, तिथे पालकांना ते स्पष्ट सांगावं.)

माझं भांडण काकांशी कमी आणि पाच वर्षांच्या आकड्यावर समाधान मानणाऱ्यांशी जास्त आहे. शेवटचा शेक झाला की कुटुंब नंदुरबारला, जालन्याला परततं. पुढची उंचीची नोंद, थायरॉइडची रक्ततपासणी, कानांची चाचणी यांसाठी मुंबईची खेप का पडावी? ही कामं जिल्हा रुग्णालयात होण्यासारखी आहेत. गणित सोडवायला वेळ लागणाऱ्या या मुलांना परीक्षेत जादा वेळ द्यावा, हे शाळेला कळवणारं पत्रही डिस्चार्ज कार्डासोबतच मिळायला हवं.