जीपची खांदेमळणी

तालुक्याच्या गावी 'ट्रान्सफर केस' हे दोन शब्द मोठ्याने उच्चारू नयेत; आणि ज्या घरात मास्तरकी आहे तिथे तर मुळीच नयेत. आमच्या सौभाग्यवती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. अलीकडे त्यांच्या बदल्या संगणकावरून होतात, पण त्यामुळे धसका काही कमी झालेला नाही. पूर्वी निदान कोणाला तरी भेटून गाऱ्हाणे सांगता येत असे. संगणकाला कोणाची ओळख सांगणार? तेव्हा, "रविवारी ट्रान्सफर केस उघडतो आहे," असे मी सहज म्हणालो आणि स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज एकदम थांबला.

"अहो, कोणाची?"

"जीपची."

लाटणे पुन्हा सुरू झाले.

या सदराच्या वाचकांना आमच्या घरच्या यंत्रांची ओळख आहेच. शिलाईचे यंत्र झाले, पाण्याचा पंप झाला. आता दिवाळीचा अंक म्हणून जरा मोठे यंत्र काढले आहे. ज्यांच्या दारात साधी शहरी मोटार आहे त्यांनी हे वाचून पान उलटायला हरकत नाही, कारण त्यांच्या गाडीत ही वस्तू नसते. पण हल्ली पुण्या-मुंबईच्या मंडळींनाही चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांचा षौक जडला आहे. त्यांतल्या पुष्कळ गाड्या सोसायटीच्या फाटकावरच्या उंचवट्यापलीकडे कोणताही डोंगर चढत नाहीत, तो भाग वेगळा. त्यांच्या पोटाखाली ही पेटी आहे, आणि ती आहे हे मालकाला ठाऊक असेलच असे नाही.

इंजिनाचा जोर गिअरबॉक्समध्ये येतो, तिथून या पेटीत येतो, आणि ही पेटी त्याची वाटणी करते. एक दांडा मागच्या चाकांकडे जातो, एक पुढच्या. एरवी सगळी इस्टेट मागच्या भावाकडे असते. वाट अवघड झाली की दांडी ओढायची आणि धाकट्यालाही कामाला लावायचे. जुन्या जीपला याखेरीज आणखी एक सोय असते. या पेटीतच मोठ्या दात्यांची दुसरी जोडी असते, ती घातली की वेग सुमारे अडीचपट कमी होतो आणि ओढ तितकीच वाढते. मराठीचा प्राध्यापक म्हणून मी या पेटीला नाव शोधू लागलो. 'संक्रमण-मंजूषा' हा शब्द मला स्वतःलाच सहन झाला नाही. 'वाटणीची पेटी' बरा वाटला, म्हणून आमच्या गॅरेजवाल्या चाचांना ऐकवला. चाचा म्हणाले, "सर, पेटी म्हटलं की लोक भजनाची समजतेत." तेव्हा ट्रान्सफर केस हेच नाव कायम.

वाटणीवरून आठवले. ही जीप मूळची अमेरिकन युद्धाची लेक. बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने पहिला नमुना तयार करून २३ सप्टेंबर १९४० रोजी तिकडच्या लष्कराच्या हवाली केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. आपल्याकडे १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली, ती पोलादाच्या व्यापारासाठी. १९४७ साली तिने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्याच साली देशाची वाटणी झाली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये पाटीवर 'महिंद्र अँड महिंद्र' आले. माझ्या दारातली जीप त्याच घराण्यातली. वयाने ती माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा मोठी आहे आणि हजेरीच्या बाबतीत त्यांच्याहून पुष्कळ नियमित.

भोकरदनला असल्या गाडीचे काय काम, असे कोणी विचारील. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते, चिकटते, चपलेला शेरभर बसते. डांबरी रस्ता सोडून शेतवस्तीकडे वळले की साधी मोटार जागच्या जागी चाके फिरवीत बसते. शिवाय ओढे आहेत, आणि केळणा नदी आहे. याच नदीच्या काठी, इथून फार लांब नाही, असईची लढाई झाली. तारीख २३ सप्टेंबर १८०३. जीपच्या जन्मतारखेशी जुळणारा हा नुसता योगायोग. नदीला उतार नाही असे वाटाड्ये सांगत असताना वेलस्लीने समोरासमोरच्या काठांवर दोन गावे पाहिली, आणि दोन गावे आहेत त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे असा तर्क केला. फौज पलीकडे गेली. पण शिंद्यांच्या तोफखान्याने त्याच्या तोफा ओढणारे बैल पाडले, आणि तोफा मागेच राहिल्या. त्या दिवशी बाकीच्यांनी काय गाजवले ते शाळेच्या पुस्तकात आहे; मला आपले ते बैल आठवतात.

बैलांचा विषय निघालाच आहे तर मला म्हणायचे आहे ते इथेच म्हणून टाकतो. पोळ्याच्या दिवशी बैलाची शिंगे रंगवतात, झूल घालतात, गोंडे बांधतात. ते सगळ्यांना दिसते. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. जिथे वर्षभर जू बसले, जिथे कातडी राठ झाली, त्या खांद्याला तूप-हळद लावून तो हाताने मळतात आणि मग दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. आधी खांदा, मग शिंगे. हा क्रम ज्या कोणी लावला त्याला यंत्र कळत होते. आता आपण दसऱ्याला मोटारीचे काय करतो ते पाहा. धुतो, पुसतो, बॉनेटला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू लावतो, लिंबू ठेवतो. म्हणजे शिंगे रंगवून झाली. खांद्याला हात कोण लावतो?

इंजिनाच्या तेलाचे नशीब चांगले. ते पाहायला पट्टी आहे, कमी झाले की समोर लाल दिवा लागतो, आणि गॅरेजात गेल्याबरोबर त्याचीच चौकशी होते. ट्रान्सफर केसला बहुधा पट्टी नसते आणि दिवाही नसतो. चाचांचे म्हणणे असे की, "सर, इंजिनाचं तेल सगळेच पाहतेत. हिला कोणी विचारत नाही. मग एक दिवस ही बी कोणाला विचारत नाही."

तो एक दिवस आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांवर गेल्या वर्षी भादव्यात आला. त्यांची वस्ती डांबरी रस्त्यापासून आत आहे. जीप अशी चकचकीत की तीत तोंड पाहावे. शेजारच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. पाऊस दोन दिवस लागून राहिला होता. तिला मागे बसवली, सोबत सासू बसली, आणि चिखल लागताच गृहस्थांनी पुढच्या चाकांची दांडी ओढली. गाडी शे-दीडशे पावले गुरगुरत गेली. मग पोटात काही तरी करकरले आणि सगळेच थांबले. पुढे ट्रॅक्टर शोधला, ट्रॉलीत गाद्या घातल्या, वर ताडपत्री धरली. पहाटे दवाखाना गाठला. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप आहेत. पण ताडपत्रीचे टोक धरून बसलेली ती सासू अजूनही त्या रात्रीविषयी बोलत नाही.

चाचांनी पेटी उघडली तेव्हा आतून निघाले ते तेल नव्हते; दूध जास्त झालेल्या चहासारखा पातळ रंधा होता आणि बेअरिंगचा चुरा होता. महिन्यापूर्वी गाडी ओढ्यातून गेली होती, पाणी पार तळापर्यंत आले होते. आत पाणी शिरते कसे, तेही सांगतो. धावून धावून पेटी तापलेली असते. ती एकदम गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढून घेते. वरून काही कळत नाही. तेलात पाणी मिसळले की दात्यांमधला तेलाचा पातळ पडदा फाटतो, लोखंड लोखंडाला लागते, गंज चढतो. म्हणून इतर वेळी गाडीच्या पुस्तकात दिलेले अंतर पाळावे, पण खोल पाण्यातून गाडी गेली की वाट न पाहता ताबडतोब तेल तपासावे.

आता काम. तेल कोणते, ते पुस्तक पाहूनच ठरवायचे. आमच्या जुन्या जीपला नव्वद नंबरचे गिअर ऑइल लागते, ते दीड लिटरच्या आसपास बसते. पण काही नव्या गाड्यांच्या याच पेटीत पातळ, तांबड्या रंगाचे, स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल असते. एकाचे दुसऱ्याला घातले तर केलेली सेवा पाण्यात जाते.

आधी गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे तेल पातळ होते आणि तळचा गाळ हलतो. मात्र लगेच खाली शिरू नये. सायलेन्सर चांगला चटका देतो. जागा सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, चाकांना पुढून-मागून दगड हवेत. जीप उंच असल्यामुळे आमचे काम ती न उचलताच होते. तुमची गाडी उचलावी लागत असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. हे मी दोनदा लिहायलाही तयार आहे. जॅक चाक बदलण्यापुरता आहे. तो सरकायला एक क्षण लागतो. गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात त्या लोखंडी तिवया चारही बाजूंना लावाव्यात, गाडी समतल राहील अशा. कारण ती एका अंगाला कलली तर तेलाची पातळीही खोटी दिसते. तिवया नसतील तर हे काम घरी करू नये.

पेटीला दोन बुचे असतात, एक वर कुशीला आणि एक तळाला. नवशिक्याचा हात आधी तळाच्या बुचाकडे जातो. तसे करू नये. आधी वरचे बूच सैल होते की नाही ते पाहावे. ते गंजून बसलेले असेल आणि तुम्ही खालून तेल सोडून दिले, तर रिकामी पेटी घेऊन गाडी अंगणातच राहील. गॅरेजपर्यंतसुद्धा नेता येणार नाही. वरचे बूच निघाले की निम्मी लढाई झाली. मग खाली घमेले ठेवून तळाचे काढावे, हात थोडा बाजूला ठेवून, कारण शेवटच्या फेऱ्याला तेल विचारून येत नाही.

आमची कन्या आठवीत आहे. विजेरी धरण्याचे काम तिच्याकडे. पहिली पाच मिनिटे उजेड बुचावर असतो, मग तो हळूहळू मांजरावर जातो. पण जुने तेल पाहायला ती बरोबर येते. चिमटीत घेऊन उन्हात धरायचे. काळे आहे, काजळीसारखी बारीक चकाकी आहे, तर ठीक. दाते एकमेकांवर घासतात, तेवढे व्हायचेच. नखाला लागतील असे कण किंवा लोखंडाच्या कपच्या असतील तर चाचांना बोलवायचे. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. पाणी कोठून शिरले ते शोधल्याशिवाय नवे तेल भरणे व्यर्थ. यंदा काळे निघाले. कन्येने विचारले, "बाबा, हे एवढं घट्ट तेल आत कोण ढवळतं?" दातेच ढवळतात, असे मी सांगितले. म्हणूनच चारही चाकांची दांडी महिन्यातून एकदा तरी, ओल्या किंवा मऊ जमिनीवर, थोडा वेळ घालून गाडी चालवावी. आतल्या सगळ्या भागांना तेल लागते आणि दांडीही अडकत नाही. कोरड्या डांबरावर मात्र ती चैन करू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबची वाट चालतात. चिखलात चाक घसरून तो फरक भरून निघतो. डांबरावर तो ताण दांड्यांत आणि पेटीत साठत जातो.

तळाचे बूच पुसून, वायसर खराब असेल तर नवा घालून घट्ट करावे. घट्ट म्हणजे हाताच्या जोराने, पान्याला पाइप लावून नव्हे. मग वरच्या भोकातून नळीने किंवा पिचकारीने नवे तेल सोडायचे. हे तेल मधासारखे उतरते, घाई चालत नाही. पेटीच्या वर श्वासनळी असते, तिचे तोंड मातीने बुजले नाही ना, तेवढ्यात पाहून घ्यावे. वरच्या भोकाच्या कडेपर्यंत तेल आले आणि बारीक धार बाहेर ओघळू लागली की पेटी भरली. धार थांबू द्यावी, बूच लावावे, गाडी थोडी फिरवून आणावी, आणि दोन्ही बुचांखाली वर्तमानपत्राचा कागद रात्रभर घालून ठेवावा. सकाळी कागद कोरडा दिसला म्हणजे झाले. आम्ही तारीख आणि किलोमीटरचा आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवतो.

राहता राहिले घमेल्यातले जुने तेल. आमच्याकडे ते वाया जात नाही, आणि हीच अडचण आहे. कोणी वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला फासतो, कोणी गोठ्याच्या खांबाला. उरलेले गटारीत ओततो. गटार ओढ्याला जाते, ओढा केळणेला. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरच्या लेखांत इथल्या दात्यांचा उल्लेख आहे. त्यांच्या गाड्यांच्या आखांनाही वंगण लागतच असेल, पण त्यांचे वंगण जमिनीत जिरून जाणारे होते. हे जिरत नाही. वापरलेले तेल सरकारी नियमांत घातक कचऱ्यात मोडते. ते अंगालाही लागू देऊ नये. हातमोजे घालावेत, नाहीतर काम संपताच साबणाने हात धुवावेत. नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यात ते नरसाळ्याने भरून, झाकण लावून, मी चाचांकडे पोचते करतो. त्यांच्या गॅरेजात पिंप आहे, ते भरले की तेल शुद्ध करणाऱ्यांची गाडी येते आणि वजनावर घेऊन जाते. गेल्या सोमवारी डबा दिला तेव्हा चाचांनी झाकण उघडून वास घेतला, एक थेंब बोटांवर चोळला आणि म्हणाले, "चांगलं हाये सर. आता त्या पुढच्या आणि मागच्या डिफ्रन्सलचं कधी काढता?"