सेन्सर बदलण्याआधी फिल्टरचा डबा उघडा

आजची नोंद कांद्याची नाही, कांदा वाहणाऱ्या गाडीची आहे.

उन्हाळी कांदा निघाला की आमच्याकडं गाड्यांचं एक दुखणं ठरलेलं असतं. गाडी चालू होते, सपाटीला बरी पळते, पण माल भरून राहुड घाट चढायला लागली की दम सोडते. ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी ओढत नाही. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा. गॅरेजला नेली की पोरगा मशिन जोडतो, स्क्रीनवर पी ०१०१ नाहीतर पी ०१०२ दिसतं आणि तो लगेच सांगतो, "काका, एअर फ्लो सेन्सर गेला. नवीन टाकावा लागंल." नवीन म्हणजे हजारांतली गोष्ट. त्यात माल भरलेला, बाजार गाठायचा. अशा वेळी माणूस हो म्हणून मोकळा होतो.

माझं म्हणणं एवढंच, की सेन्सर "गेला" असं कुणी म्हटलं तर तो खरंच गेलाय का नुसता मळलाय ते आधी बघा. आणि मळला असेल तर का मळला, ते त्याच्याही आधी बघा.

हा सेन्सर करतो काय? एअर फिल्टरच्या डब्यातून इंजिनकडं जो जाड पाइप जातो, त्याच्या तोंडाशी हा बसवलेला असतो. आत एक बारीक तार किंवा नखापेक्षा लहान पातळ पट्टी असते. ती वीज देऊन गरम ठेवलेली असते. बशीतल्या चहावर फुंकर मारली की चहा निवतो, तसं आत जाणारी हवा त्या तारेला निववते. तार पुन्हा तेवढीच गरम ठेवायला किती वीज लागली, त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर हवा किती आली ते ओळखतो आणि त्या हिशोबानं इंधन सोडतो. आता त्या तारेवर धुळीचा आणि तेलकट वाफेचा थर बसला, म्हणजे तार गोधडी पांघरून बसली. हवा भरपूर येते पण तिला गार लागत नाही. कॉम्प्युटरला वाटतं हवाच कमी आहे, म्हणून तो इंधनाचाही हात आखडतो. घाटात गाडी का रडते ते इथं कळतं.

आणि तो कोड म्हणजे काही निदान नव्हे. पी ०१०१ चा अर्थ एवढाच, की सेन्सर सांगतो ते आकडे बाकीच्या हिशोबाशी जुळत नाहीत. पी ०१०२ म्हणजे सिग्नल कमी येतोय. सेन्सर मळला तरी तो कोड येतो, सेन्सरच्या पुढचा पाइप चिरला तरी येतो, क्लिप ढिली झाली तरी येतो, वायर उंदरानं कुरतडली तरी येतो. पान पिवळं पडलं म्हणून दुकानदारानं थेट महागडी बाटली हातात द्यावी, तसला हा प्रकार. पाणी जास्त झालं का, मुळी सडली का, लोह कमी पडलं का, हे कोण विचारणार?

साफ करायचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. पण आधी तुमच्या गाडीला हा सेन्सर आहे का ते बघा. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो नसतो, तिथं हवेचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर असतो. जुन्या साध्या पंपाच्या डिझेल गाडीत नसतो. कॉमन रेल डिझेलमध्ये मात्र बहुतेक असतो. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागले, त्यामुळं ट्रॅक्टरमध्येही आता कॉम्प्युटर आणि सेन्सर शिरले आहेत. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका, कंपनीच्या माणसाला करू द्या.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. सेन्सरच्या कनेक्टरची खिट्टी दाबून तो हळू ओढा, वायरीला धरून ओढू नका. दोन स्क्रू असतात, बऱ्याच गाड्यांत चांदणीच्या तोंडाचे, त्याचा पाना लागतो. पक्कड लावून ते स्क्रू खराब करू नका. सेन्सर सरळ वर ओढून काढा आणि उजेडात धरून आत बघा. तार काळवंडलेली किंवा तिच्यावर मऊ लव दिसली तर तुमचं उत्तर सापडलं.

आता स्प्रे. डब्यावर मास एअर फ्लो सेन्सर क्लीनर असंच लिहिलेलं पाहिजे. शेकड्यांत मिळतो, एक डबा पुष्कळ वेळा पुरतो. वीतभर अंतरावरून दहा-पंधरा फवारे मारा, मळ आपोआप ओघळून खाली येतो. मोकळ्या हवेत करा, जवळ बिडी-काडी नको, तो स्प्रे पेट घेतो. मग सेन्सर स्वच्छ कागदावर ठेवून द्या आणि चहा प्या. पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही. अर्धा तास तरी जाऊ द्या.

आमच्या भागात यात जे उद्योग चालतात ते मात्र बघवत नाहीत. कुणी पेट्रोलात बुडवतो, कुणी रॉकेलनं पुसतो, कुणी दात घासायचा ब्रश फिरवतो. रॉकेल-डिझेलचा तेलकट थर मागं राहतो आणि धूळ दुप्पट चिकटते. कार्बोरेटर क्लीनर आणि ब्रेक क्लीनर हे वेगळ्या कामाचे, त्यातले काही प्लॅस्टिक खातात. ब्रश, कापूस, कानातली काडी यातलं काहीही त्या तारेला लागलं की मळलेला सेन्सर खरोखरच "जातो". कॉम्प्रेसरची हवाही नको. फवारणीच्या नोझलमध्ये आपण तार घालत नाही, कारण भोक मोठं झालं की फवारा बिघडतो, हे आपल्याकडं लहान पोराला पण ठाऊक आहे. इथं तर नोझलपेक्षा नाजूक काम आहे.

पण खरी गोष्ट पुढं आहे. ठिबकचे ड्रीपर बंद पडायला लागले तर आपण रोज उठून एकेक ड्रीपर टोचत बसत नाही. फिल्टर उघडतो, जाळी फाटली का बघतो, सॅन्ड फिल्टर धुतो. मग गाडीच्या बाबतीत ही अक्कल कुठं जाते? सेन्सर फिल्टरच्या नंतर बसलेला असतो. त्याच्यापर्यंत धूळ पोचली म्हणजे फिल्टरनं ती सोडली.

माझ्या गाडीला दोन वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये हाच निकाल मिळाला होता, सेन्सर बदला. घरी आणून डबा उघडला तर सर्व्हिसिंगला बसवलेल्या फिल्टरची रबरी कड एका कोपऱ्यात दुमडलेली. त्या फटीतून शेतरस्त्याचा सगळा फुफाटा सरळ आत. कड जिथं बसते तिथं धुळीची रेघ स्पष्ट दिसत होती. चांगला फिल्टर टाकला, डबा ओल्या फडक्यानं पुसला, सेन्सरवर स्प्रे मारला. दिवा गेला, गाडी त्याच सेन्सरवर अजून कांदा वाहतेय.

म्हणून फिल्टर काढल्यावर त्याच्या कडा बघा. मागून बॅटरी लावून कागद उजेडात बघा, सुईएवढं भोक असलं तरी दिसतं. कॉम्प्रेसरनं जोरात हवा मारून तोच फिल्टर वर्षानुवर्षं चालवायची आपल्याकडं सवय आहे, त्यात कागद फाटतो. मारायचीच तर हलक्या दाबानं, आतून बाहेर मारा. आणि कंपनीनं पुस्तकात दिलेले किलोमीटर हे डांबरी रस्त्याचे समजा. आपली गाडी मळणीच्या धुरळ्यातून, कच्च्या पाणंदीतून फिरते, तिला फिल्टर लवकर लागणारच. ट्रॅक्टरचा ऑईलबाथ आपण स्वतः उतरवतो, तेल बदलतो, वाटी धुतो, त्याला कुणाला विचारत नाही. बॉनेटखालचा हा डबा तर चार क्लिपांवर किंवा स्क्रूवर उघडतो.

सगळं करूनही दिवा गेला नाही तर सेन्सर खरोखर खराब असू शकतो. गरम तार तुटली तर स्प्रेनं जोडली जात नाही. तेव्हा बदला, पण नकली स्वस्तातला घेऊ नका, त्याचे आकडे पहिल्या दिवसापासून चुकीचे असतात. आणि गॅरेजवाल्याला जुना सेन्सर परत मागा. द्यायला कुरकुर केली तर समजून घ्या.

ऊस-मका काढणीच्या दिवसांत गाडी आठवडाभर उभी राहिली असेल तर फिल्टरचा डबा उघडून उंदराचं घर झालंय का तेही बघा. गेल्या महिन्यात आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीत मक्याचे पाव किलो दाणे निघाले.