ग्रीकांचा दाखला देताना जरा थांबा

समलैंगिकतेवर वाद पेटला की एक वाक्य हमखास येतं : ‘अरे, ग्रीकांमध्ये तर हे सगळं चालायचं!’ कुणी ते कौतुकाने म्हणतं, कुणी ‘म्हणूनच बुडाले’ असं नाक मुरडून. दोघांनी एकच रील पाहिलेलं असतं, अशी मला दाट शंका आहे. तुम्हीही हे वाक्य टाकत असाल, तर आधी तिमार्खसची गोष्ट ऐका.

इसवीसनपूर्व 346-345 चा सुमार. अथेन्समधला हा राजकारणी डेमोस्थेनिसच्या साथीने एस्किनीसला कोर्टात खेचणार होता. मॅसिडोनियाच्या फिलिपशी झालेल्या तहात त्याने दगा दिला, हा आरोप. एस्किनीसने डाव उलटवला. तरुणपणी तिमार्खसने पैशासाठी शरीर विकलं, बापाची इस्टेट उडवली; अशा माणसाला नागरिकांच्या सभेत बोलायचा हक्कच नाही, असा खटला त्याने भरला आणि जिंकला. तिमार्खसचं राजकारण संपलं.

गंमत बघा, पुरुषाने पुरुषावर प्रेम करणं वाईट, असं एस्किनीस म्हणालाच नाही. आपणही असे प्रेमात पडलोय, कविता केल्यात, हे त्याने भर कोर्टात सांगितलं! त्याचा आक्षेप होता तो नागरिकाने स्वतःला विकायला काढण्यावर.

रोममध्येही तेच. ज्युलियस सीझरचे सैनिक त्याच्याच विजययात्रेत त्याची टर उडवत होते. बिथिनियाचा राजा निकोमिडिसशी त्याचं नाव जोडलं जायचं, आणि टोमणा होता सीझर ‘खालचा’ ठरल्याचा. मालकाने मात्र स्वतःच्या गुलामाशी, मग तो पुरुष असो की बाई, काहीही केलं तरी कायद्याला त्याचं काही नव्हतं. गुलामाची मर्जी विचारतंय कोण? अथेन्सच्या बायकांना तर मत नव्हतं, आणि कोर्टात त्यांच्या वतीने घरातला पुरुष उभा राहायचा.

याला ‘मोकळा समाज’ म्हणायचं? मला नाही पटत. तिथे मोकळीक होती ती वरच्या माणसाला. आज आपण ज्या हक्काबद्दल बोलतो, तो दोन सज्ञान माणसांच्या संमतीवर उभा आहे, आणि नेमकी तीच तिथे मोजली जात नव्हती.

तेव्हा कॅन्टीनमधल्या पुढच्या वादात अथेन्सपर्यंत जायची गरज नाही. 6 सप्टेंबर 2018 चा, कलम 377 वरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढा. लांबलचक आहे, पण वाचता येतो.