फिटची गोळी आणि फॉलिक

बदलापूरच्या फलाटावर कुणाला फिट आली की अजून चप्पल पुढे येते, मग कांदा. कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर दवाखाना गाठावा. पण हा अंक गोळीबद्दल आहे.

फेनिटॉइन ही फिटची गोळी 1938 पासून वापरात आहे. स्वस्त, म्हणून अजून चालते. वर्षानुवर्षं घेतली की हिरड्या सुजू शकतात, ते आरशात दिसतं. रक्तातलं फोलेट हे ब जीवनसत्त्व उतरतं, ते दिसत नाही. लंडनचे डॉक्टर एडवर्ड रेनॉल्ड्स यांनी 1960च्या दशकात हा धागा धरला. फॉलिक ॲसिडनं, म्हणजे गोळीतल्या फोलेटनं, बऱ्याच जणांची मरगळ गेली, पण काहींच्या फिट वाढल्याही. तेव्हा ‘जीवनसत्त्वच तर आहे’ म्हणून मनानं सुरू करू नये. ब-12 कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्त सुधारतं आणि नसा बिघडत राहतात. शाकाहारी घरांनी हे आधी तपासून घ्यावं.

या फोलेटचा पहिला माग लागला आपल्याच लोकलच्या वाटेवर, परळच्या हाफकिन संस्थेत. 1928 साली मुंबईत आलेल्या डॉक्टर ल्युसी विल्स यांनी गिरणीतल्या गरोदर बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्कानं, साध्या मार्माइटनं बरा केला; त्यातला गुणकारी घटक म्हणजेच फोलेट.

फिटचा त्रास असलेल्या मुलीच्या लग्नात गोळ्या लपवतात, कधी बंदच करतात. दोन्ही घातक. बाळाच्या मज्जारज्जूची घडण पहिल्या महिन्यातच होते, त्यामुळे फॉलिक दिवस राहण्याआधीपासून लागतं. किती, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण त्यांना आधी सांगायला हवं.